तळ्यावर वादळ? पोरगं लेक सुपिरिअरवर आहे, अंदाज कसा वाचायचा?

कळंबेकर_काका | मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या सदरात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमचा धाकटा मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे. गेली तीन वर्षं सिंगापूर, ब्राझील, ऑस्ट्रेलिया चाललं होतं, त्यामुळे समुद्राची काळजी आता अंगवळणी पडली आहे. या खेपेला जहाज युरोपातून पोलाद घेऊन अमेरिकेत गेलं, ते क्लीव्हलँडला उतरवलं, आणि आता रिकामं जहाज गहू भरायला डुलुथ नावाच्या बंदराकडे निघालंय. म्हटलं बरं झालं, यंदा समुद्र नाही, तळं आहे. आपल्याला तळं म्हटलं की रंकाळा. फार तर राधानगरीचा लक्ष्मी तलाव.

आज दुपारी त्याचा मेसेज आला: "सूचं लॉक (सुपिरिअरमध्ये शिरायचा जलपाश) पार केलं. आता सुपिरिअर. एक-दोन दिवस रेंज नसेल. गेल वॉर्निंग आहे, काळजी करू नका."

झालं. तिकडच्या सरकारी हवामान सेवेचं पान उघडून बसलोय. वायव्येचा वारा ४० नॉट, लाटा १२ ते १६ फूट, हिमवर्षाव, आणि 'गोठणारे तुषार' असं काहीतरी. तळ्यात १६ फुटी लाट म्हणजे आमच्या घराच्या स्लॅबच्या वर. हे छापताना चुकलेत, की मला वाचता येत नाही? आणि नोव्हेंबरातच असं का? आपल्याकडे तर आता कुठं हवा छान पडलीय, गुऱ्हाळं सुरू झालीत.

सौ.ना गेल वॉर्निंगचं सांगितलेलं नाही.

---

पेठेतला_पैलवान | रात्री ९.५२

काका, नाद खुळा! तळ्यावर जहाज? पोराला सांगा भेळ बांधून घे म्हणावं, रंकाळ्याची सवय सुटायला नको.

---

भूगोल_बाई | रात्री १०.१५

पैलवान, भेळ राहू दे, आधी आकार बघ. लेक सुपिरिअर ८२,१०० चौरस किलोमीटर. आपला कोल्हापूर जिल्हा ७,६८५. म्हणजे दहा कोल्हापूर जिल्हे बुडवून वर अर्ध्याहून जास्त जिल्ह्याची जागा शिल्लक. लांबी ५६० किलोमीटर, रुंदी जिथे जास्त तिथे २५७. काका, इथून पुण्याला जेवढं अंतर, त्याहून जास्त अंतरावर समोरचा काठ! सर्वात खोल जागी ४०६ मीटर. क्षेत्रफळाने जगातलं सर्वात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे ते. 'लेक' शब्दाने आपण फसतो.

नोव्हेंबरच का, ते उद्या लिहिते. पेपर तपासायचे आहेत.

---

चीफ_इंजि_निवृत्त | रात्री ११.०५

काका, छापताना चुकलेलं नाही. मी ३४ वर्षं इंजिनरूममध्ये काढली, त्यात दोन सीझन लेक्सवर, म्हणजे तिकडच्या या मोठ्या सरोवरांवर होतो. सविस्तर लिहितो, पण आधी एक सांगतो. १६ फूट ऐकून झोप घालवू नका. त्याच्या जहाजासारख्या जहाजाला १६ फुटांत त्रास होतो, धोका सहसा नसतो. शिवाय परदेशी जहाजावर तिथे स्थानिक पायलट, म्हणजे वाट दाखवणारा माणूस असतो. त्या माणसाचा जन्म त्याच पाण्यावर गेलेला असतो.

आता अंदाजाच्या पायऱ्या. २२ ते ३३ नॉट वारा असेल तर छोट्या होड्यांना इशारा. ३४ ते ४७ म्हणजे गेल. ४८ ते ६३ म्हणजे स्टॉर्म. ६४ च्या वर गेला तर चक्रीवादळाच्या ताकदीचा वारा म्हणतात. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किमी, तेव्हा ४० नॉट म्हणजे ताशी ७४ किमी. तुमचा मुलगा गेलमध्ये आहे, स्टॉर्ममध्ये नाही. हा फरक लक्षात ठेवा. आणि लाटेचा आकडा म्हणजे सर्वात मोठी लाट नव्हे, सर्वात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी सुटी लाट त्याच्या दुपटीच्या आसपास जाऊ शकते. (हे वाक्य वहिनींना दाखवू नका.)

---

कळंबेकर_काका | रात्री ११.२०

साहेब, कंसातलं मलाही दाखवलं नसतं तर बरं झालं असतं.

---

भूगोल_बाई | बुधवार, सकाळी ६.५०

पेपर झाले. आता नोव्हेंबर.

आत्ता रंकाळ्यावर फेरी मारून आले. शालिनी पॅलेसच्या बाजूला पाण्यावरून वाफ उठत होती, कापडासारखी, हातभर उंच, आणि हलक्या वाऱ्याने एका अंगाला सरकत होती. संध्यामठ त्यात अर्धा दिसत होता. का उठते ही वाफ? रात्री हवा झटकन गार होते, पाणी होत नाही. पाण्याने दिवसभराची, खरं तर सगळ्या ऑक्टोबरची, ऊब धरून ठेवलेली असते. गार हवा त्या उबदार पाण्याला टेकली की वाफेचे बारीक थेंब होतात.

आता हेच दहा जिल्ह्यांएवढं मोठं करा. नोव्हेंबरात कॅनडाकडून येणारी हवा शून्याखाली, आणि खाली सरोवराचं पाणी अजून पाच-सहा अंशांवर. आपल्याला ते बर्फाचं वाटेल, पण त्या हवेच्या मानाने ते ऊनच. खालची हवा तापून वर जाते, वरची गार आणि वेगवान हवा खाली येते. वर वाहणारा जोरदार वारा असा थेट पाण्यावर उतरतो. वसंतात उलटं असतं. पाणी गारठलेलं, हवा ऊबदार, मग थंड हवेची पाण्यावर गादी बसते आणि वरचा वारा खाली पोचत नाही. म्हणून तितकाच वारा एप्रिलमध्ये कमी छळतो.

त्यात नोव्हेंबरात जेट स्ट्रीम (उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा) दक्षिणेला सरकलेली असते, कमी दाबाचे पट्टे एकामागून एक याच सरोवरांवरून जातात, आणि पाण्याची ऊब नि ओलावा त्यांना आणखी फुगवतात. तिकडचे लोक त्याला 'नोव्हेंबरची चेटकीण' म्हणतात.

पाणी एवढं उशिरा का गारठतं? पाणी ४ अंशांना सर्वात जड असतं. वरचं पाणी गार झालं की खाली बुडतं, खालचं वर येतं. सगळं सरोवर ४ अंशांपर्यंत येईतो ही घुसळण चालू. सुपिरिअर पूर्ण गोठणं विरळच.

---

पेठेतला_पैलवान | सकाळी ७.३०

बाई, दहावीला तुम्ही असता तर भूगोलात काठावर पास झालो नसतो. रोज सकाळी ती वाफ बघतोय, आजपर्यंत धुकंच समजत होतो.

---

कळंबेकर_काका | सकाळी ८.१०

बाई, समजलं. आता दुसरी भानगड. जहाजं दाखवणारं ॲप पोराने मोबाईलमध्ये घालून दिलंय. पहाटेपासून त्याच्या जहाजाचा बाण एका जागी थांबलाय. डुलुथ पार डावीकडे राहिलं. मधे वरच्या बाजूला शिंगासारखी बाहेर आलेली जमीन आहे, तिच्या उजवीकडे. वेग ०.२ दाखवतोय. इंजिन बंद पडलं का? चीफसाहेब, लवकर सांगा.

---

चीफ_इंजि_निवृत्त | सकाळी ८.२५

काका, श्वास घ्या. ते शिंग म्हणजे किविनॉ द्वीपकल्प. त्याच्या पूर्वेच्या कुशीत एक खाडी आहे, तिकडचे तिला 'बे-डी-ग्री' म्हणतात. वारा वायव्येचा, म्हणजे डावीकडून वरून येणारा. मधे जमिनीचा आडोसा. कॅप्टनने नांगर टाकलाय आणि तो वारा उतरायची वाट बघतोय. ०.२ म्हणजे जहाज नांगराभोवती हलकं झुलतंय.

तुमच्या मुलाच्या कॅप्टनला माझा सलाम सांगा. भाड्याने घेतलेल्या जहाजावर दिवसाचा खर्च मोठा असतो, ऑफिसातून "कधी पोचता" म्हणून मेल येत असतात, आणि तरी थांबायचं म्हणजे धाडस लागतं. मी एका जहाजावर होतो (कंपनीचं नाव घेत नाही), तिथे कॅप्टन थांबला नाही. रिकामं जहाज होतं, तुमच्या मुलासारखंच बॅलास्टवर (मालाऐवजी वजनाला पाणी भरलेलं). रिकामं जहाज उंच तरंगतं. प्रत्येक लाटेला मागचं टोक वर, प्रोपेलर अर्धा पाण्याबाहेर, इंजिन एकदम किंचाळायला लागतं, गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारं यंत्र) इंधन तोडतो, परत प्रोपेलर पाण्यात आपटतो आणि सगळं जहाज थरथरतं. हे दर आठ सेकंदांनी, चौदा तास. माझा चहाचा कप भिंतीला बांधलेला होता, तो दांडीसकट उडाला. दांडी अजून माझ्याकडे आहे.

आठ सेकंद मुद्दाम लिहिलं. समुद्रात मोठी लाट बारा-चौदा सेकंदांनी येते. चौदा सेकंदांच्या लाटेत दोन शिखरांत तीनशे मीटर अंतर असतं, जहाज तिच्यावरून डोंगर चढल्यासारखं चढतं आणि उतरतं. आठ सेकंदांच्या लाटेत हे अंतर फक्त शंभर मीटर. जहाज दोनशे मीटरचं. एक लाट संपायच्या आत पुढची. म्हणून जुने खलाशी म्हणतात, अटलांटिक परवडला.

---

देवगडी_नाखवा | सकाळी ९.००

वाचतंय. आडोशाचा चीफसाहेबांनी बरोबर सांगितलं. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ आलं तेव्हा आमच्या देवगड बंदरात केरळ, तामिळनाडू, कर्नाटकच्या होड्या येऊन थांबल्या होत्या. बंदरात होड्यांवरून चालत पलीकडे जाता येईल अशी गर्दी. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती, पण भात सगळ्यांना कळतो. थांबलेला नाखवा हुशार असतो काका. कोल्हापूरला येणारी मासळी तेव्हा चार दिवस बंद होती म्हणून तुमच्याकडचे लोक आम्हाला शिव्या घालत होते, ती गोष्ट वेगळी.

---

इतिहासप्रेमी_१० | सकाळी १०.४०

एडमंड फिट्झजेराल्डचं कुणी लिहिलं नाही अजून? १० नोव्हेंबर १९७५, हेच सुपिरिअर, २२२ मीटरचं जहाज, २६ हजार टनांच्या आसपास लोहखनिजाच्या गोळ्या, २९ माणसं, एकही वाचला नाही. मागून येणाऱ्या जहाजाला कॅप्टनने रेडिओवर सांगितलं की आम्ही तग धरून आहोत, आणि थोड्या वेळात रडारवरून ठिपकाच गेला. इतक्या थंड पाण्यात माणूस

---

भूगोल_बाई | सकाळी १०.४४

इतिहासप्रेमी, धागा कोणी काढलाय ते बघून लिहा. वडील आहेत ते. पुढचं वाक्य अर्धं ठेवलंत ते बरं केलंत, आता ते पूर्ण करू नका.

---

कळंबेकर_काका | सकाळी ११.१५

राहू द्या बाई. हे मी रात्रीच वाचलं. झोप येईना म्हणून वाचत बसलो. १९१३ चं पण वाचलं, चार दिवसांत अडीचशेवर माणसं, बारा जहाजं. सगळी नोव्हेंबरची. माहीत नसण्यापेक्षा माहीत असलेलं बरं, निदान आकडे तरी हातात येतात.

पण एक विचारतो. १९७५ ला इशारा नव्हता का?

---

चीफ_इंजि_निवृत्त | दुपारी १२.३०

होता. हाच तर मुद्दा आहे. ९ नोव्हेंबरला दुपारी जहाज निघालं, संध्याकाळी गेल वॉर्निंग लागली, रात्री दोनच्या सुमारास ती स्टॉर्म वॉर्निंग झाली. त्यांनी आडोसा म्हणून उत्तरेच्या, कॅनडाच्या काठाने वाट धरली होती, ते शहाणपणाचंच होतं. पण वादळाचं केंद्र सरोवरावरून पुढे सरकलं आणि वारा फिरला. ज्या काठाचा आडोसा घेतला होता तो कामाचा राहिला नाही, आणि जिथे आसरा मिळाला असता तो व्हाइटफिश उपसागर पंचवीस-तीस किलोमीटरवर राहिला. जहाज नेमकं कशाने बुडालं यावर आजही वाद आहेत. मालाच्या कप्प्यांची झाकणं, खडक, लाटा, ज्याला जे पटतं ते तो सांगतो.

आपल्या कामाची गोष्ट एवढीच: अंदाजात वाऱ्याचा नुसता जोर वाचू नका, दिशा कधी फिरणार ते वाचा. "वायव्य, मध्यरात्रीनंतर पश्चिम" असं लिहिलेलं असतं, ती ओळ लोक सोडून देतात.

---

डुलुथकर_सूनबाई | दुपारी १.०५

नमस्कार काका! मूळची उत्तरेश्वर पेठेतली, आता नऊ वर्षं डुलुथला. इथे रात्रीचे दीड वाजलेत (तुमच्यापेक्षा साडेअकरा तास मागे), पोरगं खोकतंय म्हणून जागी आहे, म्हणून धागा दिसला.

आत्ता खिडकीतून सांगते. वारा आहे, पण आमच्या काठाला लाटा फार नाहीत, कारण वायव्येचा वारा आमच्याकडे जमिनीवरून पाण्याकडे जातो. तोच वारा पलीकडच्या काठावर पोचेपर्यंत दोनशे-तीनशे किलोमीटर मोकळं पाणी ओलांडतो आणि तिथे लाटा डोंगराएवढ्या. आमची खरी परीक्षा ईशान्येच्या वाऱ्याची. सरोवर आमच्यापासून ईशान्येलाच पसरलंय, तेव्हा तो वारा सगळ्या लांबीचं पाणी ढकलत आणतो. तेव्हा बंदराच्या तोंडाशी लाटा धक्क्यावरून उडतात.

इथे मटाफा नावाच्या जहाजाची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. २८ नोव्हेंबर १९०५. बंदराच्या तोंडाशी येऊन धक्क्याला आपटलं, मोडलं, काठावर हजारो लोक उभे, शेकोट्या पेटवलेल्या, आणि लाटांमुळे कुणाला जाता येईना. रात्रीत नऊ जण गारठून गेले, काठापासून हाकेच्या अंतरावर. त्या वादळानंतर स्प्लिट रॉकचं दीपगृह बांधलं, १९१० ला पेटलं. दर १० नोव्हेंबरला तिथे फिट्झजेराल्डच्या लोकांसाठी २९ वेळा घंटा वाजवतात आणि एरवी बंद असलेला दिवा लावतात. आम्ही एकदा गेलो होतो. मला आपला त्रिपुरीचा पंचगंगा घाट आठवला. पण तिथे कुणी बोलत नव्हतं.

इतिहासप्रेमींसारखं झालं का माझं? सॉरी काका. सांगायचं हे होतं की आडोशाला थांबलेली जहाजं इथे दर वर्षी बघते. वारा पडला की एकामागून एक येतात, बंदराच्या तोंडावरचा पूल वर जातो, भोंगा वाजतो. मुलाचं जहाज आलं की सांगते, पूल माझ्या ऑफिसातून दिसतो.

---

कळंबेकर_काका | दुपारी १.२०

पोरी, उत्तरेश्वरची म्हणजे घरचीच झालीस. बाळाला आल्याचा रस आणि मध दे. (वर्षाच्या आतलं असेल तर मध नको.)

एवढं एक सांग, 'गोठणारे तुषार' म्हणजे काय?

---

डुलुथकर_सूनबाई | दुपारी १.३१

चार वर्षांचा आहे, मध चालतो. :)

लाट जहाजावर फुटली की पाणी उडतं. हवा शून्याच्या बरीच खाली असली की ते पाणी कठड्याला, दोरांना, शिड्यांना लागताक्षणी बर्फ होतं. थरावर थर. मी बंदरात शिरलेलं एक जहाज पाहिलंय, पुढचा भाग पांढऱ्या मेणबत्तीसारखा वितळल्यागत दिसत होता. सुरेख दिसतं, पण त्याचं वजन सगळं वर साठतं.

---

चीफ_इंजि_निवृत्त | दुपारी २.००

आणि ते वजन लाकडी हातोड्यांनी फोडून काढावं लागतं, ज्युनिअर ऑफिसर आणि खलाशी मिळून. आपल्या काकांचे चिरंजीव उद्या तेच करणार. मोठ्या जहाजापेक्षा छोट्या होड्यांना हे जास्त घातक.

अवांतर: समुद्रातून लेक्समध्ये आलं की गोड्या पाण्यात जहाज थोडं जास्त बुडतं, कारण गोडं पाणी हलकं. जहाजाच्या अंगावर त्यासाठी वेगळी खूण असते. कायम लेक्सवरच चालणाऱ्या जहाजांना तर ऋतूप्रमाणे खुणा. १ नोव्हेंबरपासून हिवाळी खूण लागू, म्हणजे माल कमी भरायचा आणि काठ पाण्यापासून जास्त वर ठेवायचा.

---

पेठेतला_पैलवान | रात्री ९.१०

काका, काय खबर? तालमीत पण पोरं विचारत होती. वस्ताद म्हणाले, डाव लागत नसला की अंग राखून उभं राहायचं, कॅप्टन पैलवान दिसतोय.

---

कळंबेकर_काका | रात्री ९.४५

बाण अजून तिथेच. आजच्या अंदाजात लिहिलंय, वारा रात्रीतून पश्चिमेला फिरून २० नॉटवर येणार, लाटा ४ ते ६ फूट. चीफसाहेब, दिशेची ओळ वाचली बरं का.

सौ.ना सांगितलं. तिला परवाच कळलं होतं म्हणे, पोराने तिला आधी मेसेज केला होता आणि "बाबांना सांगू नको" असं लिहिलं होतं.

---

भूगोल_बाई | रात्री ९.५०

😄 वहिनींना नमस्कार.

---

कळंबेकर_काका | गुरुवार, दुपारी ३.३०

बाण हलला! वेग १२.४. शिंगाला वळसा घालून डावीकडे चाललाय.

---

डुलुथकर_सूनबाई | शुक्रवार, रात्री ८.५५

काका, पूल वर गेलाय. तुम्ही दिलेलं नाव वाचलं. पुढचा भाग अर्धा पांढरा आहे. डेकवर केशरी कपड्यांत पाच-सहा जण उभे आहेत, त्यातला एक तुमचा असेल. भोंगा वाजला, एक लांब, दोन आखूड. मी खिडकीतून हात केला, दिसला नसणारच.

---

कळंबेकर_काका | रात्री ९.२०

मेसेज आला. "पोचलो. हातमोजे फाटले. हातोडा मारून खांदे गेलेत. जेवायला वरण-भात मिळाला, आचारी मंगळुरी आहे." फोटोत नाक लाल झालंय, दाढी वाढलीय. सौ. फोटो मोठा करून करून बघतेय.

---

चीफ_इंजि_निवृत्त | रात्री ९.३५

अभिनंदन काका. पण लगेच निघेल असं धरू नका. गहू भरताना पाऊस किंवा बर्फ पडायला लागला की झाकणं बंद करून थांबावं लागतं, गहू भिजून चालत नाही. माझे एकदा तीन दिवसांचे नऊ झाले होते. आणि परतीला मॉन्ट्रिअलपर्यंतचा कालवा वर्षअखेरीला बंद होतो, त्यामुळे सगळ्यांची घाई असते.

---

डुलुथकर_सूनबाई | रात्री ९.४१

सोमवारी इथे बर्फ सांगितलाय. काका, मोज्यांचा साईज विचारा, खलाशांच्या केंद्रावर नेऊन देते. थोडा तांबडा रस्साही पाठवला असता, पण गेटवर कोण सोडणार.

---

कळंबेकर_काका | रात्री ९.४८

साईज एल. रस्सा तू खा.

चीफसाहेब, सोमवारचा बर्फ कोणत्या दिशेच्या वाऱ्याने येणार आहे? पानावर ईशान्य दिसतंय.